क्लच खिशात ठेवा : मुंबईत नवीन बँड काढणाऱ्यांना

मी ड्रमर, राहायला डोंबिवली, दिवसा अकाउंट्सची नोकरी. सहा वर्षं झाली आमच्या बँडला, थोडी मराठी थोडी इंग्लिश गाणी, सगळी स्वतःची. फेमस वगैरे अजिबात नाही, पण कॉलेजातली पोरं सारखी विचारतात की दादा गिग, म्हणजे स्टेजवर वाजवायचा कार्यक्रम, कसा मिळतो, म्हणून एकदाच सगळं सांगून टाकतो.

पहिला गिग लोअर परळला. तीन बँड, आम्ही पहिले, म्हणजे तीस मिनिटं आणि समोर बहुतेक आमचेच मित्र. ड्रम किट तिथलंच होतं, मला वाटलं स्टिक्स घेऊन गेलं की झालं, स्टेजवर चढतो तर हाय-हॅटला, म्हणजे पायाने पेडल दाबून वाजवायच्या सिम्बलच्या (झांजांच्या) जोडीला, क्लचच नाही. क्लच म्हणजे वरची सिम्बल रॉडला धरून ठेवणारा बोटभर तुकडा, तो नसला की ती सिम्बल खालचीवर नुसती आडवी पडून राहते आणि पेडल कितीही दाबा, काही होत नाही. हाउस किटवरचे क्लच, फेल्ट, विंगनट कुठे गायब होतात देव जाणे. शेवटी आमच्यानंतरच्या बँडच्या ड्रमरने स्वतःचा काढून दिला, वर म्हणाला, "परत दे हां, मागचा असाच गेला." त्याच माणसाने पुढे आम्हाला दोन गिग मिळवून दिले. आपलं वाजवून झालं की लगेच सटकणारे बँड सगळ्यांच्या लक्षात राहतात आणि पुढच्या वेळी त्यांना कोणी बोलवत नाही, पण त्या दिवशी मला थांबावंच लागलं कारण त्याचा क्लच माझ्याकडे होता ना!

तर स्नेअर (किटमधला मुख्य छोटा ड्रम), सिम्बल, पेडल आणि क्लच आपला आपण न्यायचा. साउंडचेक दुपारी चारला म्हणजे ऑफिसात हाफ डे, आणि परतताना करी रोडला फास्ट गाडी थांबत नाही हे विसरलात की शेवटची लोकल गेलीच समजा, मग कॅबमध्ये सगळं मानधन साफ.

तीस मिनिटं सांगितली असतील तर पंचवीसचाच सेट बसवा. उघड्यावरच्या कार्यक्रमात रात्री दहाला स्पीकर बंद करावाच लागतो, त्यामुळे पहिल्या बँडने दहा मिनिटं खाल्ली तर शेवटच्याची दोन गाणी उडतात, आणि तो शेवटचा बँड म्हणजे ज्याच्यासाठी लोकांनी तिकीट काढलेलं असतं. ह्या आवाजाच्या नियमांनी मुंबईत मोठमोठ्या जागा गेल्यात. धोबी तलावचं रंगभवन हे उघडं थिएटर, जिथे 1986 पासून आय-रॉक (इंडिपेंडन्स रॉक) हा रॉक फेस्टिव्हल व्हायचा, ते सायलेन्स झोनमध्ये आलं आणि तिथला रॉक संपला. ब्लू फ्रॉग हा लाइव्ह म्युझिकचा क्लब, 2007 ला आला, 2016 ला गेला. एखादी जागा आपली म्हणेपर्यंत ती बंद होते, म्हणून एकाच ठिकाणच्या बुकिंगवाल्याच्या मागे लागू नका. कॉलेजात असाल तर आयआयटी बॉम्बेच्या मूड इंडिगो फेस्टिव्हलमधल्या लाइव्हवायर ह्या बँड स्पर्धेला नक्की उतरा, एवढा क्राउड नंतर बरीच वर्षं दिसणार नाही.

जॅमरूम, म्हणजे सरावाची खोली, तासावर मिळते. आत जाऊन ट्युनिंग करत बसू नका, मीटर चालू असतो. आमचा गिटारिस्ट तर पेडलबोर्ड (गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलांची पाटी) घरूनच जोडून आणतो, आणि स्वस्तातल्या अडॅप्टरने जी घर्र येते तिचा सोक्षमोक्ष तिथेच लावतो.

आता कटकटीचा भाग. शब्द कोणाचे, चाल कोणाची, कोणाला किती टक्के, हे गाणं रिलीज करायच्या आधी कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. आम्ही नाही घेतल्या, दोस्ती होती ना, मग एक जण भांडून गेला आणि दोन चांगली गाणी आजही तशीच पडून आहेत, ना त्याला वाजवता येत ना आम्हाला. ज्यांनी शब्द किंवा चाल केली असेल त्यांनी आयपीआरएसची, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेची, मेंबरशिप घ्या, पैसे सुरुवातीला चहापुरतेही येत नाहीत पण नोंद असलेली बरी.

आणि पैशांचंच निघालंय तर, नवरात्रीत ऑर्केस्ट्रात वाजवायला लाजू नका. आमच्यातले काही जण नाक मुरडतात, मुरडू देत. नऊ रात्री ऑक्टोपॅडवर (इलेक्ट्रॉनिक ड्रमच्या पॅडवर) एकच ठेका तासन् तास न हलता धरायचा म्हणजे काय ते मला कुठल्या क्लासात शिकवलं नव्हतं, आणि माझ्या सिम्बलचे अर्धे पैसे गरब्यातूनच आलेत.