डोळ्यातील इंजेक्शनपूर्वी भुलीचे थेंब आणि आयोडीन यांचा क्रम

दृष्टिपटलाच्या सुजेसाठी डोळ्यात इंजेक्शन घ्यायला आलेल्या रुग्णाला दुखण्याची धास्ती असते आणि आपल्याला जंतुसंसर्गाची. दोन्हींवरची औषधे ट्रेमध्ये असतात. चूक होते ती बहुधा क्रमात.

ॲलर्जीची चौकशी आधीच करावी. मासे खाल्ल्यावर अंगावर पित्त उठते, एवढ्यावरून जंतुनाशक आयोडीन वगळू नये, कारण तो त्रास माशांतील प्रथिनांचा असतो.

सुरुवातीला ०.५ टक्के प्रोपॅराकेनचा थेंब टाकावा. साधारण अर्ध्या मिनिटात डोळा बधिर होऊ लागतो आणि आयोडीनची आग सोसवते. बधिर डोळ्याची पापणी कमी लवते, त्यामुळे बुबुळ कोरडे पडू नये म्हणून मधल्या वेळात डोळा मिटून ठेवायला सांगावे. मग पापण्यांची त्वचा १० टक्के पोव्हिडोन-आयोडीनने पुसावी. पापण्या दाबून चोळू नयेत. तसे केल्यास कडांवरील ग्रंथींतला स्राव जंतूंसह बाहेर येतो. त्यानंतर खालची पापणी अलगद ओढून ५ टक्के द्रावण आत सोडावे आणि तपकिरी थर तळाशी साचलेला दिसला की घड्याळाकडे पाहून किमान ३० सेकंद थांबावे. मनातल्या मनात मोजलेले तीस घाईच्या दिवशी हमखास पंधरा होतात.

खरी गफलत भुलीच्या लिडोकेन जेलची. थेंबांपेक्षा ते डोळ्यावर जास्त टिकते, पण त्याचा चिकट थर जंतूंवर पांघरुणासारखा बसतो आणि वरून टाकलेले आयोडीन खाली पोहोचत नाही. म्हणून जेल हवेच असेल, तर त्याआधी एकदा आयोडीन द्यावे आणि जेल धुऊन काढल्यावर पुन्हा द्यावे. सुई शिरण्याच्या जागी शेवटचा स्पर्श आयोडीनचाच असावा.

आयोडीन खरोखर चालत नसेल तर पाण्यातील ०.०५ ते ०.१ टक्के क्लोरहेक्सिडीन हे दुसरे जंतुनाशक वापरता येते. हात धुण्याचे किंवा अल्कोहोलयुक्त क्लोरहेक्सिडीन मात्र बुबुळाला कायमची इजा करू शकते. बाटल्या सारख्याच दिसतात, तेव्हा लेबल मोठ्याने वाचावे.

काम झाल्यावर सलाइनने डोळा भरपूर धुवावा. त्या रात्रीची खुपखुप बरेचदा उरलेल्या आयोडीनची असते. त्यासाठी भुलीचे थेंब घरी कधीही देऊ नयेत, कारण ते वारंवार टाकल्यास बुबुळाची जखम भरत नाही. पण पुढच्या दिवसांत दुखणे वाढले किंवा नजर धूसर झाली, तर दोष आयोडीनला न देता रुग्णाला त्याच दिवशी तपासावे.