बी.ए.च्या सुट्टीतलं संशोधन: कोल्हापुरात पैसे कसे उभे करायचे

मानव्यशास्त्राच्या पदवी विद्यार्थ्यांना उन्हाळी संशोधनासाठी पैसे देणाऱ्या जागा मोजक्याच आहेत. हे आधीच ध्यानात घेतलं तर वेळ वाचतो. तीन विज्ञान अकादम्यांची मिळून जी उन्हाळी फेलोशिप असते, ती विज्ञान-अभियांत्रिकीची. भारतीय इतिहास संशोधन परिषद आणि राज्य सरकारच्या सारथी, बार्टी या संस्था यांच्या संशोधन अधिछात्रवृत्त्या पीएच.डी.वाल्यांसाठी. आयआयटी गांधीनगरच्या उन्हाळी इंटर्नशिपमध्ये मात्र मानव्यशास्त्रं असतात, म्हणून फेब्रुवारी लागला की त्यांचं संकेतस्थळ बघत राहावं.

बाकी दारं जवळचीच: आपलं कॉलेज, त्याची शिक्षणसंस्था, माजी विद्यार्थी संघ, गावातली सहकारी बँक किंवा पतसंस्था. इथे मिळणारी रक्कम दहा-पंधरा हजारांची असते, पण सहा आठवड्यांच्या कामाला तेवढी पुरते.

आधी विषय आवळून घ्या. ‘शाहू महाराजांचं शैक्षणिक कार्य’ हा विषय सुट्टीचा नव्हे, जन्मभराचा आहे. ‘दसरा चौकाच्या परिसरातल्या दोन बोर्डिंगांत (विद्यार्थी वसतिगृहांत) १९२० ते १९४० या काळात एका विद्यार्थ्याच्या जेवणाचा खर्च कसा बदलला’ हा सुट्टीत मावतो. अर्ज लिहिण्यापूर्वीच बोर्डिंगच्या कार्यालयात जाऊन जुने अहवाल खरंच आहेत का, कोणत्या सालांचे आहेत, बघायला देतील का, हे विचारून या. अर्जात ‘१९२३ ते १९३१ चे अहवाल पाहिले, आणखी पाहण्याची तोंडी परवानगी आहे’ एवढं एक वाक्य आलं तरी वाचणाऱ्याला भरवसा वाटतो. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं आहे, विद्यापीठाचं खर्डेकर ग्रंथालय आहे. पूरक साहित्य तिथे शोधावं.

पुराभिलेखागारात (जुने सरकारी कागद जपणाऱ्या कार्यालयात) काम असेल तर विभागप्रमुखांचं पत्र आणि ओळखपत्र घेऊन मार्चमध्येच एक खेप घाला. फोटो काढायची परवानगी वेगळी मागावी लागते का, प्रतींचा दर काय, हे तेव्हाच विचारा. फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारी कार्यालयांचा आठवडा पाच दिवसांचा आहे. म्हणजे सहा आठवड्यांत ४२ नव्हे, ३० दिवस मिळतात. महाराष्ट्र दिन आणि बुद्ध पौर्णिमा वजा केली की २८ धरा. सगळे ४२ दिवस धरून आखलेलं वेळापत्रक समितीच्या लगेच नजरेत येतं.

आता अंदाजपत्रक. अर्ज पडतो तो बहुतेक इथेच. नमुना असा (दर तुमच्या गावचे घाला): प्रवास २८ दिवस, रोज ८० रुपये, म्हणजे २,२४०. दुपारचं जेवण रोज ९० प्रमाणे २,५२०. झेरॉक्स ५०० पानं, दोन रुपये दराने १,०००. मोडी कागदांचं लिप्यंतर ४० पानं, पानाला १०० धरून ४,०००. मेमरी कार्ड ६००. टायपिंग, छपाई, बांधणी ९००. एकूण ११,२६०. ‘किरकोळ’ म्हणून दोन-तीन हजार टाकू नयेत; पाच टक्क्यांच्या वर गेलात की प्रश्न येतो. मुलींना मार्च २०२३ पासून एसटीला निम्मं तिकीट आहे, तेव्हा एसटीने येणाऱ्या मुलीने पूर्ण भाडं लावलं की बाकीच्या आकड्यांवरही शंका घेतली जाते.

मोडीचा खर्च जवळजवळ प्रत्येक जण विसरतो. संस्थानकाळातले दरबारी कागद मोठ्या प्रमाणावर मोडीत आहेत. रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) समोर आला आणि वाचता येईना, तर सुट्टी वाया जाते. एक तर आधी मोडीचा वर्ग करा, नाहीतर जाणकाराचं मानधन अंदाजपत्रकात घाला. दोन्ही जमत नसेल तर छापील साधनांवरचा विषय घ्या. त्यात काही कमीपणा नाही.

अर्ज दोन पानांचा पुरे: प्रश्न, साधनं, आठवडावार काम, अंदाजपत्रक, मार्गदर्शक शिक्षकांची सही. मेमध्ये शिक्षक पेपर तपासणीत किंवा गावी असतात. पंधरा दिवसांतून एकदा भेट किंवा फोन कधी होणार, ते आधीच ठरवून अर्जात लिहा.

कुठे कधी मागायचं, यातही चूक होते. कॉलेजचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, त्यामुळे एप्रिलमध्ये गेलात तर ‘तरतूदच नाही’ हे उत्तर ठरलेलं. जानेवारीत प्राचार्यांना भेटा, म्हणजे पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात रक्कम बसवता येते. सहकारी संस्थांची वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होते आणि नफ्याची वाटणी तिथे मंजूर होते. म्हणून पुढच्या उन्हाळ्यासाठीचं पत्र जुलै-ऑगस्टमध्येच संचालकांच्या हातात पडलं पाहिजे. सोबत एखाद्या सभासदाची शिफारस जोडा.

मंजुरीचं पत्र लेखी घ्या. पैसे तुमच्या खात्यावर येणार की कॉलेजच्या, आगाऊ की बिलं दिल्यावर, हे त्यात असू द्या. बिलांनंतर मिळणार असतील तर पहिल्या दोन आठवड्यांचा खर्च कोण करणार, ते घरी बोलून ठेवा. झेरॉक्सवाल्याकडून रोजच्या रोज तारखेची पावती घ्या. महिनाअखेरीला एकरकमी लिहून आणलेली पावती लेखापाल परत करतो. एसटीची तिकिटं उन्हाने पुसट होतात, म्हणून त्याच संध्याकाळी त्यांचा फोटो काढा आणि वहीत चिकटवा. मुलाखती घेणार असाल तर मराठीत एका पानाचं संमतीपत्र आधी छापून ठेवा.

अहवाल जूनअखेर द्या, विनियोग प्रमाणपत्रासह (पैसे ठरलेल्या कामालाच खर्च झाल्याचा दाखला). एक प्रत ज्यांनी कागद दाखवले त्या बोर्डिंगला स्वतः नेऊन द्यावी. तेच काम पुढे ‘आविष्कार’ या विद्यापीठीय संशोधन स्पर्धेच्या मानव्यविद्या, भाषा आणि ललित कला गटात मांडता येतं. पोस्टरसाठी लागणारे तक्ते जूनमध्येच करून ठेवा, सत्र सुरू झालं की त्यांना हात लावायला वेळ मिळत नाही.