विभाजित जर्मनीतील सीमारक्षकाच्या मृत्यूची नोंद कशी तपासावी

बर्लिनच्या भिंतीपाशी मरण पावलेल्या एखाद्या पूर्व जर्मन सीमारक्षकाविषयी लिहायचे असेल, तर पहिल्या दिवसाच्या बातमीवर विसंबून लेखणी उचलू नये. प्रथम कागदावर तारीख, वेळ आणि घटनास्थळाचा पत्ता एवढेच लिहावे, खाली दोन रकाने आखून पूर्वेने काय सांगितले आणि पश्चिमेने काय सांगितले ते वेगवेगळे उतरवावे, आणि गोळ्या कोणी झाडल्या व मृत्यू नेमका कोणत्या गोळीने झाला, हे दोन प्रश्न कधीही एकत्र करू नयेत.

हा भेद किती महत्त्वाचा आहे, हे एगॉन शुल्त्झ यांच्या प्रकरणात दिसते. पेशाने शिक्षक असलेले २१ वर्षांचे शुल्त्झ ५ ऑक्टोबर १९६४ रोजी मध्यरात्रीनंतर श्ट्रेलिट्झर श्ट्रासे ५५ या घराच्या अंधाऱ्या मागील अंगणात शिरले. तेथे उघडणाऱ्या सुमारे १४५ मीटर लांबीच्या बोगद्यातून त्याआधी ५७ जण पश्चिमेला निसटले होते. पळून जाणाऱ्यांना मदत करणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या पिस्तुलाची गोळी लागून शुल्त्झ कोसळले. ते उठू पाहत असताना त्यांना लागलेली प्राणघातक गोळी मात्र त्यांच्याच एका सहकाऱ्याच्या कलाश्निकोव्हमधून सुटलेली होती. शवविच्छेदनामुळे श्टाझी या गुप्त पोलीस यंत्रणेला हे ठाऊक झाले होते, तरीही पाश्चात्त्य हस्तकांनी केलेला खून म्हणूनच त्याचा प्रचार झाला आणि शाळांना शुल्त्झ यांचे नाव देण्यात आले. कागदपत्रे खुली झाली ती जर्मनीच्या एकीकरणानंतर. आपल्याच हातून तो मेला, हे ओझे वागवत तो विद्यार्थी सत्य कळण्यापूर्वीच वारला.

यावरून खोटेपणा केवळ पूर्वेकडचा होता असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. १८ जून १९६२ रोजी राइनहोल्ड हून हा सीमारक्षक मारला गेला, तेव्हा तो सहकाऱ्याच्या गोळीला बळी पडल्याचे पश्चिमेत सांगितले गेले. प्रत्यक्षात आपल्या कुटुंबाला बोगद्यातून नेणाऱ्या माणसानेच ती गोळी झाडली होती आणि १९९९ मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने त्याला दोषी ठरवले.

श्टाझीची कागदपत्रे २०२१ पासून जर्मनीच्या संघीय अभिलेखागाराकडे आहेत. ती वाचताना अहवाल कोणी, कोणासाठी आणि कधी लिहिला हे समासात टिपावे. माझ्या मते वरिष्ठांना पाठवलेल्या गोषवाऱ्यापेक्षा शवविच्छेदनाची आणि शस्त्रतपासणीची नोंद अधिक भरवशाची असते.

आकडे देतानाही सावध राहावे. भिंतीच्या किमान १४० बळींमध्ये कर्तव्यावर मारले गेलेले ८ सीमारक्षक मोजले जातात, पण त्यांना एकाच मापाने मोजता येत नाही. पेटर ग्योरिंग हे २३ मे १९६२ रोजी मरण पावले, ते कालव्यातून पोहत निघालेल्या १४ वर्षांच्या मुलावर पूर्वेकडून गोळीबार चालू असताना, पश्चिम बर्लिनच्या पोलिसांनी झाडलेली गोळी आपटून उलटल्यामुळे.

शेवटचा हात फिरवताना क्रियापदे तपासावीत. ‘हुतात्मा झाला’ आणि ‘खून झाला’ हे दोन्ही प्रयोग निवाडा आधीच देऊन मोकळे होतात. पुरावा हाती येईपर्यंत ‘गोळी लागून मरण पावला’ एवढेच लिहावे.