पोलीस जबाबातील विसंगती उलटतपासणीत शाबीत कशी करावी

फौजदारी खटल्यात सरकार पक्षाच्या साक्षीदाराने तपासात पोलिसांना दिलेला जबाब हे बचावाच्या वकिलाचे सर्वांत भक्कम साधन असते. मात्र ते वापरण्याची रीत भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 148 ने, म्हणजे पूर्वीच्या पुरावा कायद्यातील कलम 145 ने, घालून दिलेली आहे आणि ती चुकली की हाती आलेला मुद्दा वाया जातो.

समजा, साक्षीदार सरतपासणीत, म्हणजे सरकारी वकिलाने घेतलेल्या पहिल्या तपासणीत, म्हणतो, "आरोपीने कोयत्याने वार केला, हे मी पाहिले," आणि जबाबात मात्र "आरडाओरडा ऐकून बाहेर आलो, तेव्हा आरोपी पळताना दिसला" असे आहे. अशा वेळी जबाबातील नेमका तेवढाच मजकूर त्याला वाचून दाखवावा आणि तसे सांगितले होते का, हे विचारावे. त्याने कबूल केले तर काम तिथेच झाले. नाकारले तर त्या भागावर 'अ' अशी खूण करून घ्यावी आणि पुढे तपासी अंमलदाराची साक्ष होईल तेव्हा तो मजकूर साक्षीदाराने सांगितल्याप्रमाणेच लिहिला होता, हे त्याच्याकडून वदवून घ्यावे. हा दुसरा टप्पा राहून गेला तर विसंगती शाबीत होत नाही, आणि नेमका तोच अनेकदा राहून जातो.

साक्षीदार न्यायालयात सांगतो, पण जबाबात जे नाहीच, त्यावर खूण करता येत नाही. तिथे "हे पोलिसांना सांगितले होते का?" एवढेच विचारावे, "सांगितले होते, पण जबाबात का नमूद नाही याचे कारण सांगता येणार नाही," हे ठरलेले उत्तर नोंदले गेले की पुरे, कारण साक्षीदाराने तसे सांगितले होते का, हे पुढे तपासी अंमलदारालाच विचारायचे असते. मात्र प्रत्येक वगळलेली गोष्ट विसंगती ठरत नाही. शर्टाचा रंग सुटणे वेगळे आणि वार कोणी केला हेच सुटणे वेगळे, म्हणून किरकोळ मुद्द्यांची रांग लावू नये.

सूचक, म्हणजे हवे ते उत्तर सुचवणारे, प्रश्न विचारण्याची मुभा असताना "असे का?" विचारून साक्षीदाराला खुलाशाची संधी देणे मला अत्यंत घातक वाटते. बचावाच्या सूचनाही, म्हणजे आपली बाजू साक्षीदारापुढे मांडणारी विधानेही, तितक्याच जपून द्याव्यात. त्या सूचना आणि त्यांवरील उत्तरे पुराव्याचा भाग ठरतात, असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये महाराष्ट्रातीलच एका खून खटल्यात स्पष्ट केले आहे. "आरोपीने स्वसंरक्षणार्थ वार केला" असे एकदा सुचवल्यावर आरोपी घटनास्थळी नव्हताच, असे म्हणता येत नाही. म्हणून बचाव कोणता घ्यायचा, हे पहिला साक्षीदार पिंजऱ्यात येण्यापूर्वीच पक्षकाराशी बसून पक्के करावे.