उन्हाळी वाचन वर्ग घेताय? या चुका टाळा

एप्रिलअखेर परीक्षा संपतात, १ मेच्या आसपास निकालपत्रक हातात पडतं आणि जिल्हा परिषदेच्या शाळा जूनच्या मध्यापर्यंत बंद राहतात. विदर्भात तर त्याहूनही जास्त. पहिली-दुसरीच्या ज्या मुलांना नुकतं कुठे वाचायला यायला लागलेलं असतं, त्यांचं वाचन या सुट्टीत मागे पडतं. म्हणून गावोगाव उन्हाळी वाचन वर्ग भरू लागले. कुठे शिक्षक घेतात, कुठे बारावी झालेली गावातली पोरं-पोरी, कुठे शाळापूर्व तयारीच्या ‘पहिले पाऊल’ अभियानातून २०२२ पासून उभे राहिलेले माता गट. या सगळ्यांच्या कष्टांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण मी बीड जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका आहे, सुट्टीत आजूबाजूच्या वर्गांना जाऊन बसते, आणि दरवर्षी त्याच चुका बघून जीव तुटतो.

पाठ झालेलं म्हणजे वाचता आलेलं नव्हे

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच, म्हणून हिच्यावर सविस्तर लिहिते.

एका गावात वर्गाचा समारोप होता. सरपंच, पालक, अंगणवाडीताई, सगळे जमले होते. दुसरीतला एक मुलगा उभा राहिला आणि अख्खी गोष्ट एका दमात वाचली. टाळ्या झाल्या, त्याच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मात्र त्याचं बोट खटकलं. तोंड चौथ्या ओळीवर होतं आणि बोट अजून दुसऱ्या ओळीवरच फिरत होतं.

गर्दी पांगल्यावर त्याला ओसरीवर घेऊन बसले. तीच गोष्ट, तेच पान. मधल्या दोन ओळींवर मी तळहात ठेवला. तो थांबला नाही. झाकलेल्या ओळीही त्याने न अडखळता म्हटल्या. मग पाटीवर त्याच गोष्टीतले दोन शब्द उलट्या क्रमाने लिहिले: ‘वासरू गाईचे’. त्याने पाटीकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, “गाईचे वासरू.” एकेका अक्षरावर बोट ठेवून विचारलं तेव्हा व, स, र, ग ही अक्षरं त्याने बरोबर ओळखली. काना, उकार आणि मात्रा मात्र त्याला अजिबात येत नव्हत्या. म्हणजे मुलगा अक्षर स्तरावर होता आणि भिंतीवरच्या तक्त्यात त्याच्या नावापुढे ‘गोष्ट’, म्हणजे सगळ्यात वरचा स्तर, लिहिलं होतं.

खरी हानी पुढे झाली. जूनमध्ये तो तक्ता तिसरीच्या शिक्षकांकडे गेला. त्यांनी विश्वासाने त्याला वाचणाऱ्या मुलांच्या गटात बसवलं. तो शेजारच्याच्या मागून म्हणत राहिला. दिवाळीपर्यंत त्याला काना-मात्रा शिकवायचा विचार कुणाच्याही मनात आला नाही, कारण कागदावर तो वाचत होता. हुशार मुलगा, नीट शिकवल्यावर काही आठवड्यांत वाचू लागला. म्हणजे अडचण त्याच्यात कधी नव्हतीच.

हे का होतं? शिकवणारा म्हणतो ‘माझ्या मागे म्हणा’, आणि तीस मुलं एका सुरात म्हणतात. ऐकायला फार छान वाटतं. पण तीसपैकी आठ मुलं वाचत असतात आणि बाकीची त्यांच्या आवाजावर तरंगत असतात. चार-पाच वेळा ऐकलं की लहान मुलांचं पाठ होतंच, या वयातली स्मरणशक्तीच तशी असते.

माझी सवय सांगते. पुस्तकाच्या पानावर मी कुठल्याही मुलाचं वाचन तपासत नाही. मुलांना येणारीच अक्षरं घेऊन चार नव्या ओळी मी पाटीवर लिहिते, चित्र काढत नाही, आणि एकेकाला बाजूला बोलावते. पहिली ओळ वाचून झाली की शेवटची विचारते, मग मधली. एका मुलाला दोन मिनिटं पुरतात. ‘तीस मुलांचं कधी करू?’ असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर ठरलेलं आहे: रोज पाच मुलं घ्या, आठवडाभरात सगळी होतात. समारोपाच्या भाषणांची तयारी थोडी कमी केली तरी चालेल.

बाराखडी संपेपर्यंत शब्दाला हात न लावणं

ही दुसरी. आपल्याकडे अजूनही पुष्कळांना वाटतं की आधी अ ते ज्ञ, मग सगळ्यांची बाराखडी, आणि नंतर शब्द. व्यंजनं तीसहून जास्त, प्रत्येकाची बारा रूपं, म्हणजे साडेतीनशेच्या वर आकार. सहा वर्षांच्या लेकराने इतकं घोकायचं आणि महिनोन्महिने त्यातून एकही अर्थाचा शब्द हाती लागायचा नाही. मुलं कंटाळतात, सुट्टीच्या वर्गातून तर सरळ आंब्याच्या झाडाकडे पळतात. त्यांना दोष कसा द्यायचा?

त्यापेक्षा थोडी अक्षरं आणि एक-दोन चिन्हं एकत्र घ्या. क, म, र, ल, त्यासोबत काना आणि दुसरी वेलांटी. एवढ्यावर काका, मामा, काम, मका, लाल, कमी, काकी, मामी, कारली असे कितीतरी शब्द बनतात, तेही घरातले आणि रानातले. मी एकदा पाटीवर लिहिलं, ‘मामी, कारली कर.’ पहिलीतल्या एका मुलीने ते हळूहळू जोडून वाचलं, तोंड वाकडं केलं, ‘कारली’ फडक्याने पुसलं आणि तिथे लिहिलं ‘मका’. मामी, मका कर. बाराखडीच्या वाटेने गेलेलं मूल या जागी पोचायला दिवाळी उजाडते.

अक्षरगटाने शिकवणं मी शोधलेलं नाही. फलटणला प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी वाचन कसं शिकवावं यावर कित्येक वर्षं काम केलं. पालघर जिल्ह्यात ‘क्वेस्ट’ संस्थेने आदिवासी मुलांसोबत लेखन-वाचनाचं काम केलं आहे. हे अनुभव आपल्या भाषेत, आपल्याच राज्यात उपलब्ध असताना कुणी ‘पंधरा दिवसांत वाचन’ अशा जाहिरातीचा व्हिडिओ बघून वर्ग सुरू करतो, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. पंधरा दिवसांत अक्षरं ओळखता येतील. ओळख आणि वाचन यांच्यामध्ये बराच सराव असतो, आणि तो करून घ्यायचा धीर नसेल तर हा वर्ग दुसऱ्या कुणाला घेऊ द्यावा.

अडकण्याची एक नेहमीची जागा इथेच सांगते. मूल ‘क… म… र’ असं सुटं म्हणतं आणि ‘कमर’ होत नाही. प्रत्येक अक्षराला आपण लांब ‘अ’ लावून शिकवलेलं असतं, त्यामुळे ते जुळत नाही. अशा वेळी मी तीन अक्षरी शब्द बाजूला ठेवते, ‘घर’, ‘कर’, ‘मर’ असे दोन अक्षरी घेते, आणि पहिलं अक्षर न थांबता दुसऱ्यात ओढून म्हणून दाखवते. जमलं की पुन्हा तीन अक्षरांवर. च आणि ज यांचंही तसंच आहे. ‘चमचा’मधला च आणि ‘चार’मधला च वेगळे उच्चारले जातात आणि लिहायला एकच असतात. मूल अडखळलं तर दोन्ही उच्चार करून बघायला सांगा, ओळखीचा शब्द कानावर पडला की ते स्वतःच निवडतं.

इयत्तेप्रमाणे बसवणं

चौथीतला मुलगा शब्द स्तरावर असेल तर तो शब्दांच्या गटात बसेल, मग शेजारी पहिलीतली बहीण का असेना. ‘प्रथम’ या संस्थेच्या शिबिरांत इयत्ता बाजूला ठेवून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा स्तरांप्रमाणे गट करतात, आणि सुट्टी ही त्यासाठी उत्तम वेळ आहे कारण हजेरीपटाचं बंधन नसतं. मोठ्या मुलाला लाज वाटते हे खरं. त्याला पाट्या वाटायचं, लहानांचं ऐकून घ्यायचं काम द्या. गरज किती मोठी आहे तेही बघा: ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत देशातल्या खेड्यांतल्या सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुलं २०२२ मध्ये १६.३ टक्के होती, २०२४ मध्ये २३.४ टक्के. सुधारणा झाली आहे, पण चारातली तीन मुलं अजून बाहेरच आहेत. इयत्ता पाहून पुस्तक हातात दिलं तर ही तिन्ही मुलं नुसती बसून राहतील.

ऊसतोडीची मुलं परतण्याआधीच वर्ग संपवणं

आमच्याकडे पाटोदा, शिरूर कासार, धारूर, केज, वडवणी या भागांतून हजारो कुटुंबं दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की मार्च-एप्रिलमध्ये परततात. हंगामी वसतिगृहात राहिलेली मुलं सोडली तर बाकीच्यांचं निम्मं वर्ष फडावर गेलेलं असतं. म्हणजे या मुलांसाठी उन्हाळा हा गावात असण्याचा काळ आहे. त्यांना सगळ्यात जास्त गरज, आणि तीच नेमकी उपलब्ध.

तरी मी असे वर्ग पाहिलेत जे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, परीक्षांच्याही आधी, सुरू होऊन दहा दिवसांत आटोपतात, कारण अहवाल लवकर पाठवायचा असतो. तोवर सगळ्या टोळ्या परतलेल्याही नसतात. माझं म्हणणं स्पष्ट आहे: आधी टोळी नेणाऱ्या मुकादमाला नाहीतर घरी असलेल्या आजीला विचारा की मंडळी कधी येणार, आणि तारीख त्यावरून ठरवा. पालघरकडे वीटभट्टीवरून पावसाआधी परतणाऱ्या कुटुंबांनाही हेच लागू आहे. आलेल्या मुलाला पहिल्या दिवशी ‘किती मागे राहिलास’ हे ऐकवू नका. फडावर त्याने लहान भावंडं सांभाळलेली असतात, पाणी भरलेलं असतं. त्याला पाटी द्या आणि सुरुवात करा.

पुस्तकं कपाटात ठेवणं

‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेतून शाळेला ग्रंथालयासाठी अनुदान येतं, प्राथमिक शाळेला वर्षाला पाच हजारांपर्यंत. पुस्तकं येतात, डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीत, नोंद होते, कपाटाला कुलूप लागतं आणि सुट्टीत किल्ली मुख्याध्यापकांच्या घरी जाते. कारण एकच सांगितलं जातं: फाटली तर भरून कोण देणार? मुलांनी वाचून फाडलेलं पुस्तक रीतसर निर्लेखित करता येतं, म्हणजे नोंदीतून काढता येतं. वाळवीने खाल्लेलं पुस्तकही करावं लागतंच, आणि ते कुणी वाचलेलं नसतं. मी एप्रिलमध्येच पन्नासेक पुस्तकं एका पेटीत काढते आणि गल्लीतल्या एका मोठ्या मुलीकडे देते. वहीत नाव, पुस्तक, तारीख. नोंद मुलंच करतात, त्यातही लेखन होतं. काही हरवतात, बहुतेक परत येतात.

मिनिटाला किती शब्द, याचाच ध्यास

लहान वर्गांच्या वाचन-गणितासाठी केंद्राचं निपुण भारत अभियान जुलै २०२१ मध्ये आलं आणि दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द असं लक्ष्य ठरलं. लक्ष्य चांगलं आहे, त्यात समजून वाचणं हेही लिहिलेलं आहे. पण वर्गात मोबाइलचं स्टॉपवॉच सुरू होतं आणि मुलं धापा टाकत वाचतात, विरामचिन्हं गिळतात. वाचून झाल्यावर मी फक्त विचारते, “मग पुढं काय झालं रं?” सांगता आलं तर वेग आपोआप येईल. नाही आलं, तर ८० शब्दही काही कामाचे नाहीत.

बोलीला चूक म्हणणं

मूल ‘पाणी’ लिहिलेलं वाचून ‘पानी’ म्हणालं, तर त्याने ते बरोबर वाचलेलं आहे. खानदेशातलं मूल ‘डोळा’ बघून ‘डोया’ म्हणेल, तांड्यावरच्या मुलाचा सूर आणखी वेगळा असेल. डोळ्यांनी अक्षर टिपलं, मनाने अर्थ लावला, तोंडातून घरचा उच्चार आला. त्याला तिथे थांबवून तीनदा ‘णी, णी, णी’ म्हणायला लावलं की ते मूल पुढच्या वेळी तोंडच उघडत नाही.

थोडक्यात आणखी काही

भर दुपारी पत्र्याच्या खोलीत वर्ग घेऊ नका. मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो. सकाळी साडेसात ते नऊ, झाडाखाली, प्यायच्या पाण्याचा माठ शेजारी.

रोज एक पान शुद्धलेखन दिलं म्हणजे वाचन होत नाही. बघून उतरवताना कित्येक मुलं एकही शब्द वाचत नाहीत.

मूल अडखळलं की लगेच शब्द सांगू नका. मनात पाचपर्यंत मोजा.

नाच, रंगकाम, टोप्या बनवणं जरूर ठेवा, पण वाचनानंतर. आधी ठेवलं की वाचनाला वेळ उरत नाही.

मोबाइलवरच्या गोष्टी ऐकवायला हरकत नाही, मात्र त्या वेळाला वाचनाच्या तासात धरू नका.

आणि ‘आम्ही अडाणी, आम्हाला काय कळतंय मॅडम’ म्हणणाऱ्या आईला परत पाठवू नका. तिला इतकंच सांगा: संध्याकाळी भाकरी करताना लेकराला शेजारी बसवा, पुस्तकातलं वाचून दाखवायला लावा, आणि मध्येच विचारा, ‘असं का केलं त्यानं?’ तिला अक्षर येत नसलं तरी गोष्ट कळते, आणि आपल्या मुलाने गोष्ट सांगितली की नुसते शब्द उच्चारले हे ती बरोबर ओळखते. माता गटांतल्या बैठकांमध्ये मी आधी हेच करून दाखवते.

शेवटच्या दिवशी फोटो काढण्याआधी एक काम करा. प्रत्येक मुलाच्या नावापुढे दोन गोष्टी लिहा: न पाहिलेल्या मजकुरावर तपासलेला स्तर, आणि नेमकं कुठे अडतं. ‘रफार येत नाही’, ‘ऊकार आणि उकारात गोंधळ’, ‘जोडाक्षर आलं की थांबते’, असं. हा कागद शाळा उघडायच्या पहिल्या दिवशी वर्गशिक्षकांच्या हातात द्या, व्हॉट्सॲपवर टाकून मोकळे होऊ नका. तो मिळाला नाही तर त्यांना पुन्हा ‘अ’पासून सुरुवात करण्याशिवाय पर्याय नसतो.