एसीचं पाणी घरात का गळतं? ड्रेन पाइपाच्या या चुका टाळा

एप्रिलात बसवलेला एसी अख्खा उन्हाळा झकास चालतो आणि धानाच्या रोवणीच्या दिवसांत, भर पावसाळ्यात, एका रात्री खालची गादी भिजवतो. मग घरात एकच निदान होतं, 'पावसानं एसी खराब झाला.' पावसाचा त्यात दोष नसतो आणि बहुतेक वेळा एसीचाही नसतो. पाणी बाहेर नेणारा पाइप पहिल्या दिवसापासून चुकीचा बसवलेला असतो, फक्त उन्हाळ्यात त्याची परीक्षाच होत नाही.

आपल्या विदर्भातला उन्हाळा कडक असतो, पण कोरडा. मे महिन्याच्या दुपारी 45 अंश तापमान आणि 15 टक्के आर्द्रता असेल तर एक घनमीटर हवेत जेमतेम 10 ग्रॅम बाष्प असतं. या हवेचं पाणी व्हायला ती साधारण 12 अंशांपर्यंत थंड व्हावी लागते, आणि एसीतलं हवा थंड करणारं कॉइलही जवळपास तेवढंच थंड असतं. त्यामुळे पाइपातून थेंब-थेंब पडतात, कधी तेही नाही. 23 मे 2013 ला नागपूरचा पारा 47.9 अंशांवर गेला होता. तसल्या दिवशी सुद्धा ड्रेन पाइपातून धड धार येत नाही. जुलैत मात्र 32 अंश आणि 80 टक्के आर्द्रता असली की त्याच एक घनमीटर हवेत 27 ग्रॅमच्या आसपास बाष्प असतं. दीड टनाचा एसी मग तासाला लिटर-दीड लिटर पाणी सहज काढतो. रात्रभरात बादली भरते. एवढं पाणी पाइपानं नेलं नाही, तर ते कॉइलखालच्या ट्रेच्या काठावरून भिंतीवर येणारच.

म्हणून मार्चमध्ये सर्व्हिसिंग करून निश्चिंत होऊ नका. पाइपाची खरी तपासणी नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपून मृग लागतो, त्या आठवड्यात करायची.

भिंतीतलं भोक सपाट ठेवणं

शहरातल्या फ्लॅटची भिंत सहा-नऊ इंचांची असते. गावातल्या जुन्या घराची मातीची भिंत दीड-दोन फुटांची. फिटिंगवाला दोन्हीकडे सारखंच भोक पाडतो, आणि जाड भिंतीत ते सरळ राहतच नाही. आतून थोडं, बाहेरून थोडं असं पोखरलं की मधोमध उंचवटा राहतो. त्यावरून गेलेला पाइप बाहेरून अगदी नीट दिसतो, आत मात्र त्याची कमान झालेली असते. पाणी त्या कमानीवर चढत नाही. त्याला ढकलायला पंप नसतो, ते केवळ उतारानं वाहतं.

भोक आतून उंच आणि बाहेरून खाली हवं. पूर्ण पाइपाला दर मीटरला किमान एक सेंटिमीटर उतार ठेवा, जागा असेल तर दोन. दुसरी गोष्ट, तांब्याच्या नळ्या, वायर आणि ड्रेन पाइप एकत्र गुंडाळताना ड्रेन पाइप सगळ्यांच्या खाली हवा. घाईत तो वर गुंडाळला जातो आणि तिथूनच उतार बिघडतो. भोक बुजवण्याआधी फिटिंगवाल्याला थांबवा आणि बाटलीभर पाणी आतून ओतून बाहेर येतं का ते बघा. 'एवढ्या उतारानं चालते जी' हे उत्तर मिळालं तरी बघाच. एकदा सिमेंट लागलं की भिंत पुन्हा फोडावी लागते. मातीच्या भिंतीत गळती असेल तर पाणी आतल्या आत मुरतं, सारवण किंवा रंग सुटायला लागतो, आणि खरं कारण कळेपर्यंत पावसाळा संपलेला असतो.

पाइपाला झोळ, पाइपाला ऊन, पाइपाला वानरं

एसीसोबत सहसा पांढरा, वळ्यावळ्यांचा लवचिक पाइप देतात. आतल्या वळणापुरता तो ठीक आहे. बाहेर तोच दहा-पंधरा फूट लोंबत सोडला की मधे झोळ पडतो, झोळात पाणी साचतं आणि साचलेल्या पाण्यात शेवाळ धरतं. वर आपलं ऊन. दोन-तीन उन्हाळ्यांत हा पाइप कडक होऊन तडकतो. त्यातून उंदीर आणि खारींपासून तो वाचला, तर वानरांची टोळी टिनांवरून उड्या मारताना लोंबती वस्तू ओढल्याशिवाय जात नाही.

भिंतीबाहेर साधा पीव्हीसीचा 20 किंवा 25 मिलिमीटरचा टणक पाइप घ्या आणि दर दोन-अडीच फुटांवर क्लॅम्प ठोका. मोठ्या पाइपातून लहान पाइपात कधी जोडू नका, नेहमी लहान मोठ्यात जाऊ द्या. सांध्यावर नुसती चिकटपट्टी गुंडाळून भागत नाही, उन्हानं ती सुटतेच. घरातून जाणारा पाइपाचा भाग फोमच्या आवरणात ठेवा. त्यातलं पाणी थंड असल्यानं दमट दिवसांत पाइपाला बाहेरून घाम येतो, आणि तो घाम गळती समजून लोक उगीच एसी उघडतात.

टोक पाण्यात बुडवणं

पाणी वाया जाऊ नये म्हणून पाइपाचं टोक बादलीत सोडतात. चांगलं आहे. पण बादली भरली की टोक पाण्याखाली जातं, पाइपातल्या हवेला वाट राहत नाही, आणि उतार कमी असेल तर पाणी अडतं. टोक आणि बादलीतलं पाणी यांत चार बोटं अंतर हवंच. पाइप बादलीच्या काठाला बांधण्यापेक्षा भिंतीला वर क्लॅम्प करून बादली खाली सरकवणं सोपं.

ही बादली दिवसेंदिवस तशीच राहू देऊ नका. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून उडता डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. आशाताई कोरडा दिवस पाळायला सांगतात तेव्हा रांजण आणि कूलरची टाकी आठवते, एसीची बादली नाही.

टोक थेट बंद नालीत किंवा संडासाच्या पाइपात सोडण्याची चूक आणखी वाईट. उन्हाळ्यात पाणी वाहत नाही तेव्हा त्याच पाइपातून वास आणि झुरळं वर येतात, थेट पलंगाच्या डोक्याशी. टोक उघड्यावर, जमिनीपासून वीतभर वर हवं.

उन्हाळ्यात कोरडं पडलेलं टोक कुंभारीण माशीला फार आवडतं. ती त्यात मातीचा गोळा भरते आणि आत अळ्या ठेवून बंद करते. पहिला पाऊस, पहिली गळती, आणि कारण फक्त सुपारीएवढा चिखल. मृगाच्या आधी टोकात बोट घालून बघितलं तर निम्म्या तक्रारी तिथेच मिटतील. जाळी बांधायची तर मच्छरदाणीचा तुकडा सैल बांधा आणि महिन्यातून एकदा सोडून धुवा. घट्ट बारीक जाळी स्वतःच तुंबते.

तुंबलेला पाइप चुकीच्या हत्यारानं साफ करणं

पहिला मान ॲसिडचा आणि संडास धुण्याच्या द्रावणाचा. ते आतून ओतलं की कॉइलचे ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे खातं, ट्रेलाही सोडत नाही. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकापाठोपाठ ओतणारेही आहेत. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि तोही बंद खोलीत. उकळतं पाणीही नको, पीव्हीसी मऊ पडतो.

दुसरं, पंक्चरच्या दुकानातली हवा. बाहेरून जोरात हवा मारली की घाण बाहेर येत नाही, उलटी ट्रेमध्ये जाते आणि तिथून इलेक्ट्रॉनिक कार्डावर आणि पंख्यावर उडते. सांधा सुटला तर तो भिंतीच्या आत सुटतो.

तिसरी गोष्ट आपल्याच भागातली, म्हणून जरा जोरात सांगतो. फवारणीचा पंप एसी धुवायला अजिबात वापरू नका. कितीही विसळला तरी टाकीत, नळीत, नोझलमध्ये कीटकनाशकाचा अंश राहतो. एसी तीच हवा फिरवून तुमच्या तोंडावर सोडतो. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते उघड्या शेतात. इथे तर खोली बंद असते.

मग करायचं काय? आधी एसीचा एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा त्याचा सुरक्षा स्विच, खाली पाडा. रिमोटनं बंद केलेला एसी बंद नसतो, आणि गेलेली लाइन कधीही येते. पलंगावर खुर्ची ठेवून चढू नका, शिडी आणा. फिल्टर काढा. बहुतेक यंत्रांत समोरून बघताना उजव्या हाताला इलेक्ट्रॉनिक कार्ड असतं, त्या बाजूला थेंबही जाऊ देऊ नका. पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला सुईनं चार भोकं पाडा आणि डाव्या बाजूच्या कॉइलवर अर्धा लिटर पाणी हळूहळू सोडा. बाहेर एकजण पाइपाशी उभा हवा. मिनिटभरात सलग धार आली तर पाइप ठीक आहे. थांबून-थांबून गुडगुडत आली तर कुठेतरी झोळ आहे. उशिरा आणि बारीक आली तर आत घाण धरलीय. काहीच आलं नाही, तर ओतणं तिथेच थांबवा, नाहीतर ट्रे भरून घरातच पडेल.

घाण ढकलायची नाही, ओढायची. ओलं-सुकं दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर गाड्या धुण्याच्या सेंटरवर असतो. तो मिळाला तर त्याचं तोंड बाहेरच्या टोकाला लावून कापडानं आवळा आणि एक-दोन मिनिटं चालवा. तो नसेल तर होळीची मोठी पिचकारी चालते. सायकलच्या ट्यूबचा तुकडा घेऊन पिचकारीचं तोंड पाइपाला घट्ट जोडायचं, दांडा मागे ओढायचा, पिचकारी सोडवून रिकामी करायची, पुन्हा ओढायचा. आधी गढूळ पाणी येतं. मग हाताला एकदम ओढ लागते, दांडा अडतो, आणि पच्चकन करंगळीएवढी पांढुरकी-तपकिरी बुळबुळीत गुठळी पिचकारीत येते. ती बोटांनी फोडून बघा: धूळ, डासांचे पंख आणि कापसाचे तंतू. जिनिंगच्या आसपासच्या गावांत हे तंतू जास्तच निघतात. त्यांची वाट फिल्टरमधून जाते, म्हणून एसी चालू असेल त्या दिवसांत दर पंधरा दिवसांनी फिल्टर नळाखाली धुवा. पाइप मोकळा झाल्यावर कपभर पांढरा शिरका तेवढ्याच पाण्यात मिसळून त्याच पाइपात सोडा आणि अर्ध्या तासानं साधं पाणी.

पाणी गळतंय म्हणजे गॅस संपला, असं समजणं

'भाऊ, पाणी तं घरातच पडून राह्यलं, गॅस भरून द्या ना.' असा फोन आला की काही मेकॅनिक नाही म्हणत नाहीत आणि हजारांचं बिल होतं. गॅस ही रोज संपणारी वस्तू नाही, ती बंद नळ्यांमध्ये फिरते. कमी झाली असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती शोधून बुजवल्याशिवाय भरलेला गॅस पुन्हा जाणार.

फरक घरीच कळतो. खोली छान थंड होतेय आणि पाणी गळतंय, तर दोष ड्रेनचा. थंडावा कमी झालाय, कॉइलवर किंवा तांब्याच्या नळीवर बर्फ दिसतोय आणि एसी बंद केल्यावर एकदम पाणी पडतंय, तर आधी फिल्टर बघा. मळलेल्या फिल्टरमुळे हवा अडते आणि बर्फ धरतो. स्वच्छ फिल्टर असूनही बर्फ धरला, तर मेकॅनिकला बोलवा आणि गळती शोधायला सांगा.

एक बारीक गोष्ट फिटिंगवालेही विसरतात. बऱ्याच मॉडेलमध्ये पाइप डावी किंवा उजवी, कोणत्याही बाजूला लावता येतो, आणि न वापरलेल्या तोंडाला रबराचं बूच असतं. बाजू बदलताना ते नीट बसलं नाही तर नवाकोरा एसी पहिल्याच दमट रात्री गळतो. पाणी नेमकं पाइपाच्या उलट्या कोपऱ्यातून येत असेल तर संशय तिथे घ्या.

हॉलमध्ये कूलर, आतल्या खोलीत एसी, मधलं दार उघडं

आपल्या घरांत हे सर्रास चालतं. कूलर हवेत पाणी घालतो आणि एसी तेच पाणी पुन्हा काढत बसतो. बिल वाढतं आणि मे महिन्यातच ड्रेनवर पावसाळ्याएवढा भार येतो. दोन्ही चालवायचेच तर दार लावा.

त्या पाण्याचं काय करू नये

झाडांना घाला, अंगण शिंपा, फरशी पुसा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत मात्र घालू नका. हवेतून आलेलं म्हणजे डिस्टिल्ड, हा समज चुकीचा आहे. त्यात कॉइलवरचे धातूचे अंश, धूळ आणि ट्रेमधली घाण असते, त्यानं बॅटरीच्या प्लेटा खराब होतात. ते पिण्याचंही पाणी नाही, गुरांनाही ठेवू नका.

विंडो एसीवाल्यांसाठी एवढंच: मागून थेंबही पडत नसेल आणि आतून छपछप आवाज येत असेल तर घाबरू नका. पुष्कळ विंडो एसींमध्ये मागच्या पंख्याची कडा तळाचं पाणी उडवून गरम कॉइलवर टाकते आणि ते तिथेच वाफ होऊन जातं. पाणी समोरून घरात येत असेल तरच चौकटीचा उतार बघा. मागची बाजू पुढच्यापेक्षा एखाद-दीड सेंटिमीटर खाली हवी.