छोटा ख्रिसमस ट्री वाकतो, उसवतो, पडतो? करताना या चुका टाळा

डिसेंबर उजाडला की मुलांच्या वहीत शाळेची सूचना येते: 'नाताळसाठी छोटं झाड करून आणा.' मग संध्याकाळी सांगलीच्या गणपती पेठेतून नाहीतर हरभट रोडवरून हिरवं कार्डशीट, क्रेप कागद, चमकी आणि फेविकॉल घरी येतं. रात्री जेवणं झाल्यावर काम सुरू होतं. सकाळी बघावं तर झाड एका अंगाला कललेलं, शिवण उघडलेली आणि चांदणीनं मान टाकलेली.

शेजारी मिरजेत नाताळ काही नवा नाही. वॉनलेस डॉक्टरांनी १८९४ मध्ये तिथं मिशनचं रुग्णालय सुरू केलं. तिथल्या ख्रिस्ती कुटुंबांमध्ये हा सण पिढ्यान्‌पिढ्या होतो. आता शाळांमुळे सांगलीतल्या कितीतरी घरांत त्याचं झाड होतं, हे मला मनापासून आवडतं. म्हणूनच लेकरानं जीव लावून केलेलं झाड शाळेत पोचायच्या आत मोडलं की वाईट वाटतं.

मोडण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. सगळं लक्ष सजावटीकडे जातं आणि सांगाडा घाईत उरकला जातो. टिकल्या, मणी, चमकी यांना हात लावण्याआधी नुसतं हिरवं झाड टेबलावर ठेवा आणि टेबलाला हलका धक्का द्या. ते उभं राहिलं तरच पुढं जा.

अर्धवर्तुळाचा शंकू

सगळ्यांत जास्त दिसणारी चूक हीच. अर्धवर्तुळ कापायला सोपं, म्हणून तेच कापून वळलं जातं. पण २० सेंटिमीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ वळलं की तळाचा व्यास भरतो २० सेंटिमीटर आणि उंची राहते जेमतेम १७. झाड उंचीपेक्षा रुंद होतं, मग वर कितीही सजवा, बसकंच दिसतं. त्याच त्रिज्येचा एक तृतीयांश भाग घेतला, म्हणजे कोनमापकावर १२० अंश, तर तळ साधारण १३ सेंटिमीटर आणि उंची जवळजवळ १९ येते. पाव वर्तुळ घेतलं तर तळ १० आणि उंची १९ च्या थोडी वर. पाव वर्तुळाचं झाड सडपातळ आणि देखणं होतं, पण त्याला बूड जड लागतं. शाळेत न्यायचं असेल तर माझी पसंती १२० अंशांनाच.

यात चिकटवण्याची पट्टी धरलेली नाही. ती दीड सेंटिमीटर वेगळी सोडायची. बरोबर १२० अंश कापून मग कडा एकमेकींवर चढवल्या तर तळ आवळतो, आणि आधी कापून ठेवलेलं बूड त्याला बसत नाही.

कंस काढताना पेन्सिलीला दोरा बांधतात. दोरा ताणला जातो, पेन्सिल तिरकी होते आणि कंस वाकडा येतो. त्यापेक्षा पुठ्ठ्याची अरुंद पट्टी घ्या. एका टोकाला टाचणी खोचा, २० सेंटिमीटरवर भोक पाडून त्यात पेन्सिलीचं टोक घाला आणि पट्टी फिरवा. कंस स्वच्छ येतो.

वळताना कार्डशीटला आडव्या सुरकुत्या पडतात, कधी ते चिरतं. कारण कागदाच्या तंतूंना दिशा असते. कापण्याआधी शीट दोन्ही बाजूंनी हलकं वाकवून बघा. एका बाजूनं ते सहज वाकेल, दुसऱ्या बाजूनं अडेल. ज्या बाजूनं सहज वाकतं तशी गुंडाळी येईल असा आकार आखा. कापून झालं की टेबलाच्या कडेवरून कागद हळूच ओढून घ्या, म्हणजे त्याला आधीच बाक येतो आणि शिवणीवर ताण पडत नाही.

शेंडा चुरगळतो तो अगदी टोकापर्यंत वळायच्या हट्टामुळे. टोकाचे तीन-चार मिलिमीटर आधीच कापून टाका. उरलेल्या बारीक भोकात पुढं चांदणीची काडी बसते.

शंकू डुगडुगत असेल तर नुसत्या नजरेनं कातरत बसू नका. एक बाजू कापली की दुसरी उंच वाटते आणि झाड लहान होत जातं. टेबलावर एक बुटकी डबी ठेवा, तिच्यावर पेन्सिल आडवी धरा, टोक शंकूला टेकवा आणि शंकू उभाच ठेवून सावकाश फिरवा. सरळ रेष उमटते, तिच्यावरून कापा.

फेविकॉल जास्त, वेळ कमी

पांढऱ्या फेविकॉलमध्ये पाणी असतं. जाड थर दिला की कागद भिजून फुगतो आणि वाळल्यावर लाटा राहतात. बोटानं पातळ थर पसरवा, मिनिटभर थांबा, मग दाबा. शिवणीला दोन्ही टोकांना कपडे वाळत घालायचे चिमटे लावा आणि ते रात्रभर राहू द्या. थंडीत गोंद उन्हाळ्यापेक्षा उशिरा वाळतो, म्हणून हे काम शाळेच्या आदल्या रात्रीवर टाकू नका. क्रेप कागदाचा तर ओला झाला की रंगच सुटतो. बोटं, टेबलक्लॉथ, शाळेचा शर्ट, सगळं हिरवं होतं. क्रेपला कोरडी ग्लू स्टिकच वापरा.

झालर शेंड्यापासून लावणं

मुलं उत्साहानं शेंड्यापासून सुरुवात करतात. मग खालची प्रत्येक झालर वरच्या झालरीखाली सरकवावी लागते, ती चुरगळते आणि चिकटवलेल्या कडा उघड्या दिसतात. घरावर कौलं वळचणीकडून आढ्याकडे चढवत नेतात, तशीच झालर खालून वर लावायची. पट्टी तीन सेंटिमीटर रुंद घ्या, त्यातले दोन सेंटिमीटर कातरा आणि पुढची ओळ दोन सेंटिमीटर वर चिकटवा. कातरलेला भाग पेन्सिलीवर गुंडाळून बाहेर वळवला की झाड भरलेलं दिसतं. सगळ्या ओळी एकाच गडद हिरव्या रंगाच्या असतील तर लांबून झाड सपाट दिसतं. खाली गडद, वर जाताना पोपटी असे दोन-तीन हिरवे घ्या.

ओळी फार दाट लावू नका, कारण मोकळी जागाही लागते. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत कलहंसाची पिसं हिरवी रंगवून तारेवर गुंडाळत आणि त्या तारा काठीत खोचून झाड करत. त्या झाडांच्या फांद्या मुद्दाम विरळ असत. त्यामुळे प्रत्येक दागिना मोकळा लटकताना दिसे.

चुण्यांच्या चकत्यांचं झाड

कागदाच्या पट्टीला चुण्या घालून गोल चकत्या करायच्या आणि त्या मोठ्यापासून लहानापर्यंत बांबूच्या काडीत ओवायच्या, हा प्रकार दिसायला सुंदर आहे. त्यात एकच अडचण वारंवार येते: चकती सपाट बसत नाही, वाटीसारखी उलटते किंवा मध्येच फाटते. पट्टी आखूड पडल्याचं हे लक्षण. चकतीचा बाहेरचा घेर हा पट्टीच्या रुंदीच्या सव्वासहा पटींपेक्षा थोडा जास्त असतो, त्यामुळे पट्टी निदान तेवढी लांब हवीच. चुण्या उठून दिसाव्यात म्हणून मी आठपट धरते. तीन सेंटिमीटर रुंदीला २४ सेंटिमीटर. पाच सेंटिमीटर रुंदीला ४० लागतात, म्हणजे ए-फोर कागदाच्या दोन पट्ट्या जोडाव्याच लागणार. चुणी एक सेंटिमीटरची, वरच्या लहान चकत्यांना अर्ध्या सेंटिमीटरची. दोन चकत्यांमध्ये एकेक मणी ओवा, नाहीतर काही दिवसांत वरच्या चकत्या खालच्यांवर बसतात.

द्राक्षाच्या पेटीचा पुठ्ठा

तासगावकडच्या द्राक्षांच्या रिकाम्या पेट्या अनेकांच्या माळ्यावर असतात. त्यांच्या पुठ्ठ्यातून झाडाचे दोन सारखे आकार कापून, खाचेत खाच अडकवून उभं राहणारं झाड होतं. त्याला गोंदसुद्धा लागत नाही आणि ते घडी करून ठेवता येतं. लहान मुलांसाठी याहून भरवशाचा प्रकार मला माहीत नाही.

इथं दोन गोष्टी चुकतात. दोन्ही तुकड्यांना खाच एकाच बाजूनं पाडली जाते आणि मग ते एकमेकांत जातच नाहीत. एकाला शेंड्याकडून मध्यापर्यंत आणि दुसऱ्याला तळाकडून मध्यापर्यंत खाच हवी. खाचेची रुंदी पुठ्ठ्याच्या जाडीएवढीच ठेवा. ती सैल झाली तर झाड लचकतं. दुसरी गोष्ट नाळ्यांची, म्हणजे पुठ्ठ्याच्या दोन थरांमधल्या नागमोडी पन्हळींची. पुठ्ठ्याच्या आतल्या नाळ्या उभ्या राहतील असाच आकार कापा. नाळ्या आडव्या आल्या तर झाड मधूनच दुमडतं.

थर्माकोल

माझा सल्ला, थर्माकोल घेऊच नका. सजावटीचं थर्माकोल राज्य सरकारच्या २०१८ च्या बंदीत येतं. घरात जुना शंकू पडून असेल तर त्यावर ग्लू गन चालवू नका. थर्माकोल १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि साध्या ग्लू गनमधला गोंद त्याहून बराच गरम असतो, त्यामुळे खड्डे पडतात. स्प्रे रंग आणि पिवळसर रबरी गोंद यांतल्या द्रावकानं तर ते विरघळतंच. तिथं पांढरा फेविकॉलच चालतो.

बूड हलकं, डोकं जड

झाड कलंडत असेल तर आधी खाली बघा. दिवाळीतली मोठी पणती यासाठी उत्तम. तिच्यात ओली शाडू माती भरा, खोड खोचा आणि माती पूर्ण वाळेपर्यंत खोडाला दोन्ही बाजूंनी आधार द्या. माती वाळताना आकसते आणि खोड सैल होतं, तेव्हा त्या फटीत फेविकॉलचे थेंब सोडा. खोडाला कडब्यातलं ज्वारीचं धाट छान शोभतं. आतला गर मऊ असल्यानं टाचणी सहज जाते. धाट किडलेलं नाही ना ते बघून दोन दिवस उन्हात ठेवा, आणि सोलायचं काम मोठ्यांनीच करा, कारण त्याची साल बोट कापते.

चांदणी पुठ्ठ्याची नको, दुहेरी कार्डशीटची करा. आत टूथपिक चिकटवा आणि ती शेंड्याच्या भोकातून निदान तीन सेंटिमीटर आत जाऊ द्या.

दागिने झाडाच्या मानानं लहान हवेत. २० सेंटिमीटरच्या झाडावर एक सेंटिमीटरहून मोठा मणी डोळ्यांत खुपतो. गौरीच्या सजावटीतली उरलेली लेस, रुखवतातले मोती, टिकल्या एवढं पुरे. सुरूची छोटी बोंडं फार सुंदर दिसतात, पण वाळली की ती उघडतात आणि बारीक पंखांचं बी टेबलभर सांडतं. आधी उन्हात वाळवून, झटकून मगच लावा. चमकी अगदी शेवटी, खाली वर्तमानपत्र पसरून.

दिवे

कागदाच्या झाडात मेणबत्ती नको आणि घरच्या विजेवर चालणारी माळही नको. तांब्याच्या बारीक तारेची, सेलवर चालणारी एलईडी माळ घ्या. तिची डबी बुडामागं बांधा. ती शेंड्याला अडकवली तर झाड पुन्हा कलेल. बटण सेलची माळ असेल तर डबीचं झाकण स्क्रूचंच हवं. असा सेल लहान मुलानं गिळला तर अन्ननलिका भाजते आणि जिवावर बेततं. घरात रांगतं मूल असेल तर बटण सेल आणूच नका, पेन्सिल सेलची माळ घ्या.

झाड पुढच्या वर्षासाठी ठेवायचं असेल तर खोक्यात उभं ठेवा, सोबत कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला म्हणजे कसर लागणार नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधू नका, पावसाळ्यात आत दमट होऊन शिवण सुटते. माळेतले सेल मात्र आधी काढा. ते तसेच राहिले तर पाझरतात आणि डबीतली स्प्रिंग गंजते.